दिग्या, पाणी कमरेएवढं होतं

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणून मी तुझ्याबद्दल बोलत नाही, तुझ्याशी बोलतोय. तोंडावर वाईट बोलायला आपल्यात कधीच बंदी नव्हती.

परवा क्रेमेटोरियमच्या दारात मराठी मंडळाच्या सेक्रेटरी नीलाताईंनी मला गाठलं. तुझी राख अजून घरी आलेली नाही, आणि बाई म्हणतात, "डॉक्टर, रविवारी शोकसभा ठेवलीय, चर्चचा हॉल बुक केलाय. पहिलं तुम्हीच बोलायचं. तुमचा तर जीव वाचवला त्यांनी." आणि माझ्या दंडावर हात ठेवला, नेमका त्याच जागी. अख्ख्या मँचेस्टरच्या मराठी लोकांना माझ्या दंडावरचा वण कुठे आहे ते पाठ आहे, ही तुझी कृपा.

तर ऐक. रविवारी मी उभा राहून खरं काय ते सांगणार आहे. पाणी कमरेएवढं होतं. मी बुडत नव्हतो. तू मला वाचवलं नाहीस. इतकी वर्षं माझं ऐकलं नाहीस, पण आता तुला मध्ये बोलता येणार नाही, आणि हॉलमधून उठून जाताही येणार नाही.

मुळात हे सगळं त्या तुझ्या कॅनडाच्या खुळापासून सुरू झालं. मिरजेला आपण एका खोलीत राहून डॉक्टर झालो, इथे पाठोपाठ आलो, मग मध्येच तू वर्षभर विनिपेगला जाऊन आलास. लोक कॅनडाहून काय आणतात? ब्लँकेट आणतात. तू बर्फात भोकं पाडायचं हातभर लांब गिरमिट घेऊन आलास. गोठलेल्या तळ्यावर चालत जायचं, भोक पाडायचं, त्यावर लाकडी फुली आडवी ठेवायची आणि तिच्यावरून गळ खाली सोडून द्यायचा. हातात काही धरायचं नाही. मासा लागला की फुलीवरचा लाल झेंडा टणकन उभा राहतो, तोवर आपण काठावर चहा पीत बसायचं. कॅनडात ठीक आहे, तिथे तळ्यावर ट्रक चालवतात. इथे लँकेशायरमध्ये हिवाळा म्हणजे ओला टॉवेल. पण नाही. थंडी जरा कडक झाली की तुझा फोन. "सुध्या, जुन्या गिरणीमागचं तळं धरायला लागलंय." इथले लोक कुत्री फिरवताना थांबून आपल्याकडे बघायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. दोन ब्राऊन डॉक्टर बर्फाला भोक पाडतायत, यावर बोलणार तरी काय?

आणि गळ. बापरे, ते गळ. बायकांनी बांगड्या निवडाव्यात तसे तू शनिवारभर गळ निवडत बसायचास. सोडून दिलेल्या दोरीला गळ महत्त्वाचा, हे मलाही मान्य. मासा येतो तेव्हा झटका द्यायला हात नसतो, गळाला एकट्यालाच काम करायचं असतं. म्हणून तर मी म्हणत होतो की हलका लाव. थंडीत मासा सुस्त असतो, भुकेनं नाही, सवयीनं तोंड लावतो. बारीकसं एकेरी जिग, म्हणजे शिशाचा एवढासा मणी असलेला गळ, पाण्यात आडवा तरंगत राहील असा. आमिषही नखाएवढं. मासा चाखतो, त्याला वजन लागत नाही, तो गिळतो. जड शिसं लागलं की थुंकून देतो. यात न कळण्यासारखं काय आहे?

तुझं जिग म्हणजे देवळातल्या घंटेचा लोळ. वर लाल रंग फासलेला. खाली तीन तोंडांचा गळ, आणि त्याला अर्धा बांगडा. अर्धा बांगडा, दिग्या. माझी आई वेंगुर्ल्याची. तो बांगडा पाण्यात जाताना बघून माझा जीव तीळतीळ तुटायचा. "मोठा मासा हवाय त्यानं लहान गळ टाकू नये," हे तुझं ब्रह्मवाक्य. सर्जन ना तू, हाडं जोडायला खिळे ठोकणारा. तुला वाटायचं जगात सगळंच ठोकून बसवता येतं. मी म्हाताऱ्यांचा डॉक्टर, मला हळू जायची सवय. माझ्या गळाला तळहाताएवढे पर्च मासे लागायचे, दोनचार का होईना. तुझ्या गळाला कधी काही लागलं नाही. एकदाही नाही. आणि तरी मलाच ऐकवायचास.

आता तो दिवस. तू सांगायचास तसा नाही, झाला तसा.

त्या हिवाळ्यात माझी शैला आमच्या गौरीला घेऊन सांगलीला माहेरी निघून गेली होती. मंडळात आपण सांगितलं, भावाचं लग्न आहे. तिच्या भावाचं लग्न आधीच झालेलं होतं, पण विचारतो कोण. खरं काय ते तुला माहीत होतं, कारण एअरपोर्टवर तूच सोडलंस त्यांना. मी ऑन-कॉल होतो. परत येईन की नाही सांगता येत नाही, हे शैलानं तुझ्या गाडीत तुला सांगितलं, मला नाही. हा राग मी कुणावर काढायचा? तिच्यावर काढून झाला, आता ती परत येऊन इतकी वर्षं झाली, नातवंडांची भाषा करते. तुझ्यावरचा शिल्लक आहे.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. मी हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये एकटा. शनिवारी सकाळी तू दारावर धबाधबा थापा मारल्यास. म्हटलं, बरं वाटत नाही. "तुला विचारलंय कुणी?" म्हणालास आणि माझा कोट माझ्या अंगावर फेकलास. रॉचडेलच्या बाहेरचं ते बंद पडलेल्या गिरणीचं तळं. बर्फ पातळ होता, तुलाही दिसत होतं. तू काठाशी थांबलास, आणि मला म्हणालास, "तू वाळका बोंबील, तू हो पुढे. माझ्या वजनानं तडकेल." मी गेलो. भोकं पाडली. आधी तुझी ती घंटा सोडली, मग थोड्या अंतरावर माझी दोरी. तू चहाचा फ्लास्क आणायला गाडीकडे गेलास आणि माझ्या पायाखालचा बर्फ गेला.

पाणी कमरेएवढं. खाली चिखल, पण घट्ट. मी उभा होतो, दिग्या. सरळ, दोन पायांवर. माझ्यासमोर माझा झेंडा उभा राहिला होता, म्हणजे मासा लागला होता, आणि मी तिकडे बघत होतो. बाहेर येणारच होतो. तेवढ्यात तू आरडाओरडा करत आलास. बर्फावर पाय ठेवलास, तो करकरला, मागे झालास. मग गळांच्या पेटीतली जादा दोरी काढलीस, तिला तुझं तसलंच दुसरं लाल जिग, तिन्ही तोंडं उघडी. डोक्याभोवती फिरवून माझ्यावर फेकलंस. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा कोटातून आत, दंडात घुसलं. आणि तू ओढायला लागलास. अरे, माणसाला असं कुणी ओढतं? इतकं दुखलं, इतकं दुखलं की मी चालायला लागलो. समोरचा बर्फ पोटानं मोडत चालत काठावर आलो. स्वतःच्या पायांनी. आल्याबरोबर तुला शिव्या घातल्या, त्या तू गोष्टीतून वगळल्यास.

गळ तूच काढलास, कॅज्युअल्टीत, माझं न ऐकता. मग माझ्या क्वार्टरच्या किल्ल्या खिशात घातल्यास आणि मला तुमच्या घरी नेऊन त्या कोपऱ्यातल्या खोलीत डांबलंस. दोन दिवसांनी किल्ल्या मागितल्या तर म्हणालास, हरवल्या. मार्च-एप्रिलपर्यंत हरवलेल्या होत्या. शैला आली त्या दिवशी सापडल्या. उषावहिनी बिचाऱ्या रोज मला विचारून भाजी करायच्या. वर, त्यानंतर दर रविवारी सकाळी तुझा फोन. "काय रे, उठलास का?" आणि मी उठलोय म्हटलं की गळांवरून भांडण. वर्षानुवर्षं. शैला म्हणायची, लग्न तुमचं दोघांचं झालंय की आपलं.

पण या सगळ्याचं मला काही वाटलं नसतं. गोष्टीचं वाटलं. पहिल्या खेपेला त्याच होळीला सांगितलीस तेव्हा पाणी छातीएवढं होतं. दिवाळीला हनुवटीला लागलं. संक्रांतीच्या तिळगुळाला डोक्यावरून गेलं, आणि मग तिथून कधी उतरलं नाही. शेवटचं वाक्य ठरलेलं, हात माझ्या खांद्यावर: "माझ्या गळाला लागलेला सगळ्यात मोठा मासा म्हणजे हा सुध्या." लोक हसणार, मी हसणार. नवीन कुणी डॉक्टर भारतातून आला की त्याला माझी ओळख कशी? "हे डॉक्टर सुधाकर, ह्यांनाच डिगूकाकांनी बर्फातून काढलं." इतकी वर्षं वॉर्डात राबलो, पण मंडळात मी बर्फातला माणूस.

गाडीत मी तुला म्हणायचो, "दिग्या, पाणी कमरेएवढं होतं."

"लोकांना काय पाणी मोजायचंय?"

"मला मोजायचंय."

"मग तू सांग की तुझी गोष्ट. कोण ऐकतंय बघू."

गौरी युनिव्हर्सिटीला निघाली तेव्हा आमच्या घरी तू परत तेच काढलंस. इतकं रंगवून सांगितलंस की पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं तुला मिठी मारली. माझ्या मुलीनं, माझ्यासमोर, मी जिवंत असल्याबद्दल तुझे आभार मानले. तेव्हा मी तुला बाहेर, गाडी लावायच्या ड्राइव्हवर नेलं. म्हटलं, बस झालं आता. निदान तिला तरी खरं सांग. तिच्या डोक्यात बाप म्हणजे बुडणारा माणूस राहू नये. तू तोंड उघडलंस आणि परत मिटलंस. मग म्हणालास, "सुध्या, जिग जड होतं म्हणून पोचलं. तुझं ते डासाएवढं असतं तर माझ्याच पायाशी पडलं असतं." आणि आत निघून गेलास. त्या वेळी तुझ्या कानाखाली वाजवायला हवी होती असं मला अजून वाटतं.

काल तुझ्या घरी गेलो. सरळ विषयाला हात घालायचा असं ठरवून गेलो होतो. उषावहिनी स्वयंपाकघरात होत्या, येणाऱ्याजाणाऱ्यांचे कप विसळत होत्या. म्हटलं, "वहिनी, रविवारी मला बोलायला सांगितलंय. तुम्हाला आधी विचारतो, राग मानू नका. ती बर्फाची गोष्ट मी दुरुस्त करणार आहे. पाणी कमरेएवढंच होतं."

"माहीतेय मला," वहिनी म्हणाल्या.

"कुणी सांगितलं?"

"ह्यांनीच. त्याच दिवशी, तुम्हाला वर झोपवून खाली आल्यावर."

आणि कप विसळायच्या थांबल्या. तुझी बायको तुझ्यासारखी नाही, दिग्या, ती रंगवून सांगत नाही. जेवढं झालं तेवढं सांगते. तू खाली आलास, तुझा चेहरा पांढराफटक होता म्हणाल्या. पायरीवर बसलास आणि म्हणालास, "उषा, तो नुसता उभा होता गं. कमरेएवढं पाणी. मी गाडीपाशी फ्लास्कमधला चहा पिऊन, सिगरेट ओढून परत आलो, तर तो पाण्यात, कधीपासून कुणास ठाऊक. मी हाका मारतोय, तो बघत पण नाही. चार पावलांवर काठ, आणि पाऊल उचलायला तयार नाही."

मी म्हटलं, "वहिनी, मी बाहेर येणारच होतो."

"हो ना," त्या म्हणाल्या. टोचून नाही, अगदी साधेपणानं. "मग आला का नाहीत, भावोजी?"

झेंडा बघत होतो म्हणून? पर्च लागला होता म्हणून?

माझ्या हातात त्यांनी कप दिला, त्यात काही नव्हतं. म्हणाल्या, "हे म्हणाले, शैला गेलीय हे आज ना उद्या लोकांना कळणार. वर हा पाण्यात उभा राहिला हे कुणाच्या कानावर गेलं, तर लोक काय समजायचं ते समजतील. हॉस्पिटलमध्ये बातमी जाईल. उद्या पोरीच्या कानावर जाईल. त्यापेक्षा मी सांगतो बुडत होता म्हणून. चांगलं ओरडून सांगतो, सगळीकडे सांगतो. मग दुसरं कुणी काही विचारणार नाही." थांबून म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

नव्हतं ठाऊक. तुला शपथ घालून विचारतो, मला सांगायला तुझी जीभ झडली होती का? इतकी वर्षं मी तुझा तिरस्कार केला. प्रेमानं नाही, मित्र मित्राला शिव्या घालतो तसा नाही, खरोखरचा. तू हात माझ्या खांद्यावर ठेवायचास तेव्हा अंगावर काटा यायचा माझ्या. रविवारी फोन वाजला की मी शैलाला म्हणायचो, तूच घे. आणि तू मला तिरस्कार करू दिलास. तुला दिसत होतं ना सगळं? ड्राइव्हवर उभा होतास तेव्हा तोंडात आलं होतं तुझ्या. मी बघितलं. गिळलंस आणि जिगवर गेलास.

त्या पाण्यात मी काय करत होतो, ते मला आजही सांगता येत नाही. मरायचं होतं असं म्हणालो तर ते खोटं होईल. बाहेर यायचं होतं म्हणालो तर तेही खोटं. पाय गार पडले होते, मग गारही वाटेनासे झाले, आणि बरं वाटत होतं. क्वार्टरमध्ये परत जाऊन दार उघडायचं नव्हतं, एवढं नक्की आठवतं. त्याला काय म्हणायचं ते तू ठरवलंस आणि मला न सांगता झाकून टाकलंस. माझा आजार, माझ्यापासून लपवलेला. पेशंटला न विचारता ऑपरेशन करणारा सर्जन तू, मी आधीपासून म्हणतच होतो.

आणि सांगितलं असतंस तर? तेही खरं सांगतो. त्याच रविवारपासून मी तुझा फोन उचलणं बंद केलं असतं. तुझ्या घरात पाऊल ठेवलं नसतं. माझी लाज ज्याला माहीत आहे त्याच्यासमोर मी दुसऱ्यांदा बसलो नसतो, हे तुला मिरजेपासून माहीत होतं. गळावरून भांडायला मात्र मी कधीही आलो असतो, आणि आलो. यात तुझं बरोबर होतं. हे बोलताना माझी दातखीळ बसतेय, पण बरोबर होतं. तू माझा राग पत्करलास आणि मला ठेवलंस. त्याबद्दल तुझे उपकार मानायला मी आता तुला कुठे शोधू? तेवढी सोय तरी ठेवायची होतीस.

आज सकाळी रीडिंग शहरातून गौरीचा फोन आला. रडून रडून आवाज बसलाय तिचा. तुझ्यासाठी तिनं दोन दिवसांची सुट्टी काढलीय, माझ्यासाठी कधी काढली नव्हती. तिचं मराठी तुला माहीतच आहे.

"बाबा, संडेला तू बोलणार आहे ना? डिगूकाकाची आइसवाली गोष्ट तूच सांग. दुसरं कोण नको."

म्हटलं, सांगतो.

"आणि बाबा, एक विचारू का? मी लहान होती तेव्हापासून विचारायचं होतं. काका जरा एक्झॅजरेट करायचा ना? म्हणजे, पाणी खरंच इतका डीप होता?"

बघ, दिग्या. इतक्या वर्षांत मला हवा होता तो प्रश्न, हव्या त्या माणसाकडून, आणि तू मध्ये तोंड घालायला नाहीस. मी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"हो गं," म्हटलं. "डोक्यावरून होतं. तो नसता तर मी आलो नसतो."

आयुष्यात पहिल्यांदा मी तुझ्या बाजूनं बोललो, आणि ऐकायला तू नाहीस, हलकटा.